बोटभर जागा

खोकी दोन दिवस तशीच पडून होती
बैठकीच्या खोलीत, आडवी, एसीखाली.
कुंजुमोन सुतार बजावून गेला होता, उघडू नका,
फळ्यांना आधी तुमच्या घराची हवा लागू दे.
शैलजा म्हणाली, मला नव्हते मिळाले दोन दिवस.
विमानतळावरून आणलंत ते थेट ओट्यापाशी.

मुहर्रकमधला दुसरा मजला. खाली शिंप्याचं दुकान.
फरश्या पांढऱ्या, घरमालकाच्या.
फोडायच्या नाहीत, खिळा नाही, डिंक तर नाहीच,
जशा दिल्या तशा परत, करारात लिहिलंय.
म्हणून सगळं वरच्या वर ठेवायचं,
एकमेकांत अडकलेलं आणि खाली कशालाच न चिकटलेलं.
तरंगती जमीन म्हणतात हिला.
बावीस वर्षं मी गोदामात हा माल मोजला,
हॉटेलांना धाडला, पावतीवर सह्या घेतल्या.
स्वतःच्या पायाखाली आज पहिल्यांदा.

आधी फरशी वाजवून बघायची,
कलिंगड घेताना वाजवतो तशी.
बद्द, बद्द, बद्द, मग एक पोकळ.
दारापासून तिसरी. कुकर पडला होता तिथं,
अद्वैतच्या दहावीच्या निकालादिवशी.
तडा अजून आहे, तड्यात वरणाचा पिवळा.
पहिले काही महिने शैलजा ब्रश घेऊन बसायची,
मग पायपुसणं आलं,
मग दुसरं पायपुसणं.

तडा बुजवला. पाणसळ ठेवली.
बुडबुडा काही मध्यावर येईना.
अद्वैत पुण्याहून, फोनच्या पडद्यातून,
बाबा, घर समुद्राकडे कललंय.
कुठल्या समुद्राकडे, शैलजा म्हणाली,
बेट आहे हे.

फोम अंथरायच्या आधी ती मार्कर घेऊन आली.
वाटलं, नावं लिहील आपली, तारीख.
तिनं लिहिलं:
दिनाराला दोनशे एकवीस. मटार मिळाले नाहीत.
हे कशाला?
म्हणाली, आजचं खरं तेवढंच आहे.
त्यावर फोम पसरला.

फळी तिरकी धरायची, कुस खाचेत, मग दाबायची.
टक्.
सातव्या ओळीत चुकलो, सांधा सांध्याखाली आला,
सगळं उसवून पुन्हा तिसरीपासून.
गुडघे माझ्या वयाला पुढे गेले होते.

भिंतीला भिडवू नका, कुंजुमोनचं सांगणं,
चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा.
तुम्ही सुट्टीवर गावी, ऑगस्ट, एसी बंद,
तेव्हा हे फुगतं.
जागा नसली की मधोमध उठतं, तंबूसारखं.
पाचरी विकत आणायला विसरलो होतो.
ड्रॉवरमधून मुदत संपलेली कार्डं काढली,
बँकांची, दवाखान्याची, सीपीआरची,
चिकटपट्टीत गुंडाळून गड्ड्या केल्या
आणि फळी नि भिंतीच्या मध्ये उभ्या केल्या.
शेवटी ओढून काढताना एकावर माझा फोटो निघाला.
मिशा होत्या. कॉलर दुसऱ्याची होती,
रघुवीर सामंतचा शर्ट, फोटोपुरता मागितलेला.
शैलजानं तो पुसला आणि ड्रॉवरमध्ये परत ठेवला.

मग दार लागेना. जमीन उंच झाली होती.
कुंजुमोननं ते बिजागरीतून उतरवून बाल्कनीत नेलं,
खालून नखभर रंधून परत चढवलं.
भुसा तीन दिवस पुरला,
डब्यांच्या झाकणांवर, देवांवर, टूथब्रशवर.

रात्री शिलाई मशीनचा आवाज वर आला नाही.
दोघंही जागे, त्याची वाट बघत असल्यासारखे.
गार नाही लागत आता, मी म्हटलं.
हो, ती म्हणाली. पाहुण्यांच्या घरात आल्यासारखं वाटतं.
उरलेल्या चार फळ्या पलंगाखाली आहेत,
एखादी खराब झाली तर म्हणून.

दोनच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठली.
अंधारात अनवाणी, दाराच्या जरा अलीकडे,
तडा होता तिथं
पाय उचलून पुढे टाकला.